रिकाम्या कॅनची ऊब: भंगारातून सौर हवातापक कसा बनवावा

डिसेंबरात दुपारी बाराला आमच्या अंगणात स्वेटर नकोसा होतो आणि त्याच वेळी आतल्या खोलीत फरशी पायाला झोंबत असते. निफाड तालुक्यात हे दरवर्षीचंच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एक आकडी झाला की पेपरात बातमी येते, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि घरातली म्हातारी माणसं खुर्ची घेऊन उन्हामागे फिरत राहतात. सकाळी ओट्यावर, दुपारी अंगणात, चारनंतर पुन्हा गोधडीत. वडिलांचे गुडघे धरल्यापासून त्यांचं हे फिरणंही बंद झालं. त्यांच्या खोलीच्या दक्षिणेच्या भिंतीवर दिवसभर लख्ख ऊन, पण त्या भिंतीला खिडकी नाही. ऊन बाहेर, वडील आत आणि मधे नऊ इंचांची वीट.

ते ऊन आत आणायला मी पेयांच्या रिकाम्या कॅनचा हवातापक बनवला. एक फसला, दुसरा चांगला चालतो आहे. पहिल्यांदाच हे करू पाहणाऱ्याला सगळं एका जागी मिळावं म्हणून लिहितो.

कल्पना सोपी आहे. काळ्या रंगाचा धातू, त्याच्यापुढे काच, मागे आणि बाजूंना उष्णता अडवणारा थर. खोलीतली गार हवा भिंतीतल्या खालच्या भोकातून या पेटीत शिरते, तापलेल्या धातूला घासत वर चढते आणि वरच्या भोकातून पुन्हा खोलीत येते. अमेरिकेतल्या एडवर्ड मोर्स या प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ साली अशा रचनेचं पेटंट घेतलं होतं. त्याने काळी पाटी आणि काच वापरली होती. आज लडाखमध्ये अनेक घरांची दक्षिणेची भिंत काळी करून तिच्यापुढे काच लावतात, त्यामागचं तत्त्वही हेच.

आधी एक गोष्ट पक्की करा

माझ्या पहिल्या पॅनलच्या, म्हणजे या पेटीच्या, तोंडाशी थर्मामीटर धरला तर ८२ अंश दिसले. मला वाटलं, जमलं! पण दोन तास झाले तरी खोली तशीच गार. झालं असं होतं की बाथरूमच्या कामातून उरलेला दोन इंची पाइप मी वापरला होता, आणि त्यातून हवा जेमतेम फुंकर घातल्यासारखी येत होती.

हवा खूप तापते, याचा अर्थ ती पेटीत अडकून पडली आहे. आतला धातू बाहेरच्या हवेपेक्षा जितका जास्त गरम, तितकी जास्त उष्णता काचेतून बाहेर निघून जाते. म्हणजे ८० अंशांची थोडीशी हवा तोट्याची आणि ४० अंशांची भरपूर हवा फायद्याची. या कामात गरम हवा नको, पुष्कळ हवा हवी. पुढचं प्रत्येक माप या एका गोष्टीवरून ठरलं आहे.

हिशेब सांगतो. आपल्याकडे डिसेंबरात निरभ्र दुपारी दक्षिणेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ७०० वॉट ऊन पडतं. पॅनल दीड चौरस मीटरचं असेल आणि त्यातलं निम्म्याला थोडं कमी आपल्या हाती लागलं, तर ४०० ते ५०० वॉट मिळतात. दिवसभरात दोनेक युनिट. एवढी उष्णता २० अंशांच्या वाढीने वाहून न्यायला तासाला ७० घनमीटर, म्हणजे सेकंदाला २० लिटर हवा फिरली पाहिजे. दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा तासात दोनदा पॅनलमधून जाईल, इतकी.

आणि काय मिळणार नाही तेही आधीच समजून घ्या. यात उष्णता साठत नाही. ऊन गेलं की यंत्र थांबलं. भिंती-फरशी कोमट झालेली असते, ती दिवेलागणीनंतर थोडा वेळ साथ देते, बस. रात्रीच्या थंडीवर हा उपाय नव्हे. दिवसभर घरात बसणाऱ्या माणसासाठी मात्र फार मोलाचा आहे.

जागा

भिंत दक्षिणेची हवी. थोडी पूर्वेला किंवा पश्चिमेला कललेली असली तरी चालेल. मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका, लोखंडी ग्रिलजवळ ते चुकतं. थंडीत अंगणात सरळ काठी रोवा. सावली सर्वांत आखूड होते तेव्हा ती उत्तरेकडे बोट दाखवते. नाशिककडे ही वेळ घड्याळातल्या बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास येते.

सावलीची पाहणी डिसेंबरातच करा. उन्हाळ्यात मोकळी दिसणारी भिंत थंडीत शेजारच्या घराच्या सावलीत बुडालेली असू शकते. सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीनपर्यंत ऊन असेल तर उत्तम. चार तासही मिळत नसतील तर या भानगडीत पडू नका.

पॅनल तिरपं ठेवायचं की उभं? मी उभं, भिंतीला चिकटून लावायला सांगेन. २२ डिसेंबरच्या आसपास आपल्याकडे दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो, त्यामुळे उभ्या भिंतीलाही भरपूर ऊन मिळतं. मे महिन्यात तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि उभ्या काचेवर फारसा पडतच नाही. उन्हाळ्यात पॅनल आपोआप सुस्तावतं.

भंगारवाल्याकडे काय मागायचं

सगळ्यात आधी सोलर वॉटर हीटरचं मोडीत निघालेलं सपाट पॅनल आहे का, ते विचारा. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचले की लोक ते काढून टाकतात. भंगारवाल्याचा जीव त्यातल्या तांब्यात असतो. उरलेली पेटी, तिच्यातलं ग्लासवूल (उष्णता अडवणारा काचतंतूंचा थर) आणि वरची टफन केलेली काच तो स्वस्तात देतो. साधारण दोन मीटर बाय एक मीटरची तयार पेटी हाती लागली की निम्मं काम झालं. मी दुसऱ्या वेळी हेच केलं.

नाही मिळाली तर १२ मिमी प्लायवूडची पेटी करा. आतून २०५ सेंमी लांब, ९० सेंमी रुंद आणि सुमारे १५ सेंमी खोल. काचेसाठी जुन्या खिडकीचं तावदान चालतं, पण साधी काच फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे पडतात. खाली लहान मुलं खेळत असतील तर ६ मिमीची दुहेरी पॉलिकार्बोनेट शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कडक पत्रा) घ्या. तिची उन्हापासून संरक्षण असलेली बाजू बाहेर यायला हवी. वरच्या प्लास्टिकवर तसं छापलेलं असतं.

कॅन ५०० मिलीचे घ्या. व्यास सुमारे ६६ मिमी, उंची १६८ मिमी. दहा कॅनची एक नळी आणि अशा बारा नळ्या, म्हणजे १२० कॅन. दहाबारा जादा असू द्या, हात बसेपर्यंत तेवढे वाया जातात. भंगारवाला कॅन चेपूनच ठेवतो, म्हणून ढाब्यावर आधी सांगून ठेवा आणि रिकामं पोतं देऊन या. आणल्याबरोबर साबणाच्या पाण्यात विसळा. मी पहिलं पोतं दोन दिवस पडवीत ठेवलं, तर प्रत्येक कॅनमध्ये मुंग्यांची रांग लागली होती.

कॅन मिळत नसतील तर अडून बसू नका. तेलाचे १५ किलोचे डबे कापून सपाट केले की चांगला पत्रा मिळतो. खिडक्यांची जुनी ॲल्युमिनियमची मच्छरजाळी काळी करून दोन थरांत लावली तरी काम होतं, आणि मेहनत निम्मीही लागत नाही. जाळी तिरपी ताणायची, म्हणजे हवा तिच्यातूनच आरपार जाईल.

एक वस्तू मात्र आत अजिबात नको: थर्माकोल. पंखा बंद पडला आणि ऊन कडक असलं तर पेटीत १०० अंशांच्या वर तापमान जातं. थर्माकोल त्याआधीच आकसून वितळतो. माझ्या पहिल्या पॅनलमध्ये तो लावला होता, उघडलं तेव्हा कोपऱ्यात पिवळट गोळा उरला होता. फोमच्या गाद्यांचे तुकडेही नकोत, ते पेटतात. ग्लासवूल किंवा रॉकवूलच घ्या; हाताळताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट.

कॅन कापणं आणि जोडणं

या कामाला घाई चालत नाही. कॅनची कापलेली कड ब्लेडसारखी असते. चामड्याचे हातमोजे घाला.

बुडाला ४० मिमीच्या होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) भोक पाडायचं. कॅन हातात धरून ड्रिल लावलं की तो चेपतो. लाकडाच्या जाड ठोकळ्यात ६७ मिमीचं भोक पाडून घ्या आणि कॅन त्यात उलटा बसवा. ड्रिलचा वेग कमी ठेवा. झाकणाच्या बाजूला पिण्याच्या तोंडापासून पत्रा कापायच्या कात्रीने आठ पाकळ्या कापा. पाकळ्या आतल्या बाजूला वाकवा आणि प्रत्येकीला एकाच दिशेने किंचित पीळ द्या. सरळ, गुळगुळीत नळीत हवेचा मधला भाग गार तो गारच निघून जातो. पिळलेल्या पाकळ्यांमुळे ती घुसळली जाते आणि गरम पत्र्याला लागून लागून जाते.

आता नळ्या. दोन लांब फळ्या काटकोनात ठोकून पन्हळीसारखी खाच करा. तिच्यात कॅन एकामागे एक ठेवले की नळी आपोआप सरळ येते. एकाचं बूड दुसऱ्याच्या तोंडावर बसतं. सांध्याला गॅरेजवाले इंजिनच्या गॅस्केटला लावतात ते लाल सिलिकॉन लावा. ओल्या बोटाने ते सगळीकडून सारखं फिरवून घ्या, वरच्या टोकाला वीट टेकवून नळी दाबात ठेवा आणि २४ तास हात लावू नका. पहिला दिवस व्हिनेगरसारखा वास येतो, तो जातो. एका दिवशी तीन-चार नळ्यांपेक्षा जास्त होत नाहीत, म्हणजे हे काम चार दिवसांचं धरा.

सिलिकॉनवर रंग धरत नाही, म्हणून ते सांध्याबाहेर पसरू देऊ नका. सुकल्यावर कॅनवरची छपाई पॉलिश पेपरने हलकी खरवडा आणि मोटरसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो काळा मॅट रंग द्या. चकचकीत रंग नको. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले.

पेटी भरणं

पेटीच्या तळाला आणि बाजूंना ग्लासवूल, त्यावर पातळ पत्रा किंवा स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल. ग्लासवूलचे तंतू हवेत मिसळता कामा नयेत, तेव्हा ते कुठेही उघडं राहू देऊ नका.

पेटीच्या खालच्या आणि वरच्या टोकाला चौदा-चौदा सेंमीचा कप्पा सोडायचा. कप्प्याच्या फळीला बारा भोकं, कॅनच्या तोंडाच्या मापाची. माप तुमच्या कॅनवर घ्या. नळ्या या दोन फळ्यांमध्ये बसवा आणि प्रत्येक भोकाभोवती सिलिकॉन भरा. नळ्यांमध्ये पाचेक मिमी अंतर, नळ्या आणि काच यांत दोन-अडीच सेंमी.

आता सर्वांत जास्त चुकणारी जागा. हवा आत घ्यायचं भोक खालच्या कप्प्याच्या डाव्या टोकाला केलं, तर बाहेर सोडायचं भोक वरच्या कप्प्याच्या उजव्या टोकाला करा. दोन्ही एकाच बाजूला केलीत तर हवा जवळच्या तीन-चार नळ्यांतूनच पळते आणि बाकीच्या नुसत्या तापत बसतात. तिरक्या भोकांमुळे प्रत्येक नळीतून जाणारी वाट जवळपास सारख्या लांबीची होते.

दोन्ही भोकं १२५ मिमीची. जोडायला पत्र्याचाच पाइप. आमच्याकडे जुन्या बंबाचं धुराडं पडून होतं, तेच कापून वापरलं. पीव्हीसी पाइप वरच्या भोकाला लावू नका, उष्णतेने तो मऊ पडतो.

काच बसवण्याआधी पेटी तीन-चार दिवस उन्हात उघडी ठेवा. रंगाचा वास तिथेच निघून जाऊ द्या, नाहीतर तो खोलीत येईल. काच चौकटीत घट्ट ठोकू नका, चारी बाजूंना ३-४ मिमी मोकळे सोडून सिलिकॉनने भरा. तापल्यावर तिला फुगायला जागा लागते. पेटीच्या खालच्या कडेला, ग्लासवूलच्या बाजूने, पाणी निथळायला दोन बारीक भोकं पाडा.

पंखा

कॉम्प्युटरच्या जुन्या पॉवर सप्लायमधला १२० मिमीचा, १२ व्होल्टचा पंखा. लेबलवर ०.२ अँपिअर किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असेल तो घ्या, फार मंद पंखा नको. तो खालच्या, म्हणजे गार हवेच्या भोकात बसवा. वरच्या गरम हवेत त्याचं बेअरिंग लवकर जातं.

वीज द्यायचे दोन मार्ग. जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर सर्वांत सोपा. लोडशेडिंगचा भाग असेल तर १० वॉटचं लहान सोलर पॅनल. पण ते थेट पंख्याला जोडू नका: १२ व्होल्टचं म्हणवणारं पॅनल भर उन्हात २० व्होल्टच्या आसपास जाऊ शकतं. मधे व्होल्टेज उतरवणारं एलएम २५९६ मॉड्यूल टाका आणि मल्टिमीटर लावून ते १२ व्होल्टवर बसवा.

पंखा आपणहून चालू-बंद व्हावा म्हणून वरच्या कप्प्यात केएसडी ३०१ जातीचा ४५ अंशांचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर चालणारा स्विच, लावा. दुकानात 'नॉर्मली ओपन' (गरम झाल्यावर वीज जोडणारा) असं स्पष्ट सांगून घ्या. त्याच दिसण्याचा उलटा प्रकारही मिळतो. तो गरम झाल्यावर वीज तोडतो, आणि नेमक्या उन्हाच्या वेळी तुमचा पंखा बंद पडेल.

भिंत

एसी बसवणाऱ्याकडे कोअर कटर असतो, त्याच्याकडून दोन गोल भोकं पाडून घ्या. छिन्नीने ठोकत बसलात तर आतलं प्लॅस्टर उखडतं. भिंतीतून वायर किंवा पाण्याची लाइन गेलेली नाही ना, ते आधी बघा. काच धरून पॅनलचं वजन तीस किलोच्या पुढे जातं, म्हणून अँकर फास्टनर आणि खालून लोखंडी अँगलचा टेकू हवाच. पॅनल चढवायला तीन माणसं लागतात.

आता न विसरता करायची एक गोष्ट. रात्री पॅनल खोलीपेक्षा गार होतं. खोलीतली उबदार हवा वरच्या भोकातून पॅनलमध्ये शिरते, थंड होऊन खाली उतरते आणि खालच्या भोकातून गारठा बनून परत येते. दिवसभर कमावलेलं रात्रभरात गमावतं. उपाय पाच रुपयांचा आहे. खालच्या भोकात जाळी बसवा आणि जाळीच्या पॅनलकडच्या अंगाला कचऱ्याच्या पातळ पिशवीचा तुकडा, फक्त वरच्या कडेला चिकटवून, लोंबता ठेवा. दिवसा पंख्याची हवा त्याला ढकलून आत जाते. रात्री हवा उलटी यायला लागली की तो जाळीला चिकटून दार बंद करतो. जाड प्लास्टिक घेतलं तर ते हलत नाही. सकाळी पंखा सुरू होताना हा पडदा फुर्र असा आवाज करतो, आमच्याकडे त्यावरूनच कळतं की यंत्र चालू झालं.

वरच्या भोकालाही जाळी लावा. उंदीर, पाल, गांधीलमाशी, सगळ्यांना ऊब आवडते.

चाललं की नाही, कसं ओळखायचं

पेटलेली उदबत्ती घेऊन प्रत्येक सांध्याजवळून हात फिरवा. धूर कुठे ढकलला गेला की तिथे गळती आहे. हे वारा पडलेला असताना, सकाळी करा.

मग हवा मोजा. १०० लिटरची कचऱ्याची पिशवी पूर्ण चपटी करून वरच्या भोकावर धरा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते पाहा. पाच सेकंद लागले तर सेकंदाला २० लिटर, म्हणजे आपल्याला हवी तितकी. दहा-बारा सेकंद लागत असतील तर पंखा कमी पडतो आहे. त्याच नळीत थोडं अंतर ठेवून, त्याच दिशेला तोंड करून दुसरा पंखा लावा.

शेवटी दुपारी साडेबाराला दोन्ही भोकांशी थर्मामीटर. १५ ते २० अंशांचा फरक असेल तर काम फत्ते. ३५-४० अंशांचा फरक दिसला तर खूश होऊ नका, कुठेतरी हवा अडते आहे. सात-आठच अंश आले तर सावली, धुळकट काच किंवा गळती शोधा.

आमच्या खोलीत आता दुपारी दोनला बाहेरच्या सावलीइतकी नाही तर तिच्याहून बरी ऊब असते. वडील खुर्ची वरच्या भोकासमोर ठेवतात आणि पेपर तिथेच वाचतात.

थंडी सरल्यावर

फेब्रुवारीच्या शेवटी पंख्याची वायर काढा, दोन्ही भोकांना आतून झाकणं लावा आणि काचेवर गोणपाट टाका. हवा न फिरता पेटी तापत ठेवली तर रंग आणि सिलिकॉन दोन्ही लवकर म्हातारे होतात.

कष्ट घ्यायची तयारी असेल तर पॅनल उतरवून मेथी, टोमॅटो, कांद्याच्या चकत्या वाळवायलाही वापरता येतं. तेव्हा ते दक्षिणेला तोंड करून २० अंशांवर तिरपं ठेवायचं, हवा खोलीतली न घेता बाहेरची घ्यायची आणि गरम हवा जाळीच्या ताटांच्या कपाटात खालून सोडून वरून जाऊ द्यायची. पालेभाजीला ४०-५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, रंग जातो. उघड्यावरच्या वाळवणापेक्षा हे बरं, कारण धूळ बसत नाही आणि माशाही बसत नाहीत. मात्र त्याआधी निदान एक हंगाम पॅनल वापरून रंग पूर्ण मुरलेला असावा.

पावसाळ्यापूर्वी वरच्या कडेचं सिलिकॉन तपासा, पाणी शिरतं ते तिथूनच. दिवाळीच्या साफसफाईत काच ओल्या फडक्याने पुसा, पंख्याची पाती ब्रशने झाडा, प्लास्टिकचा पडदा कडक झाला असेल तर नवा लावा, आणि वरच्या जाळीत गांधीलमाश्यांनी घर केलं नाही ना ते टॉर्च मारून बघा.